खुणेचा नारळ आणि आमचं यंत्र

कोल्हापूरहून निघताना माझ्या पिशवीत काय होतं ते आधी सांगते, कारण एसटीच्या कंडक्टरनंही पहिल्यांदा तेच विचारलं. तांब्याच्या तारेची भेंडोळी, प्लॅस्टिकच्या बादलीचं झाकण, चौकोनी बॅटऱ्या, सोल्डर करायचं सामान, भिंगं, फुगे आणि सगळ्यात वर भडंगाचा पुडा.

"बाई, फुटण्यासारखं काही नाही ना?"

"फुगे आहेत," मी म्हटलं. त्यांनी तिकीट फाडून दिलं आणि पुढचा सगळा घाट माझ्याकडे संशयानं बघत काढला.

मी मुलांना विज्ञानाची खेळणी करायला शिकवते. म्हणजे खेळणी ती करतात, मी पसारा आवरते. माझी कॉलेजातली मैत्रीण नंदिनी मूळची चिपळूणची, गेली कित्येक वर्षं संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेवर शिक्षिका आहे. शिमग्याच्या तोंडावर तिचा फोन आला. "सुट्टी आहे ना तुला? मग ये. आमचं यंत्र बोलत नाही, आणि ते बोललं नाही तर माझी खोली जाईल." नंदिनी उगाच घाबरणाऱ्यांतली नाही. मी त्याच आठवड्यात बस पकडली.

मिरजोळे

आंबा घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते आणि माणसं हळू बोलायला लागतात. निदान आम्हां कोल्हापूरकरांना तसं वाटतं. आमच्याकडे दोन माणसं खुशाली विचारत असली तरी लांबून भांडण वाटतं. इथं भांडण चालू असलं तरी कुणीतरी खुशाली विचारतंय असं वाटतं.

रत्नागिरीच्या स्टँडवर नंदिनी उभी होती. चहा होईपर्यंत तिनं खोलीचं सगळं प्रकरण सांगितलं. गावात देवळाशेजारी गावकीची एक खोली आहे. दोन वर्षांपासून ती शनिवार-रविवारी तिथं मुलांना जमवते. मुलं बॅटरीवरची गाडी करतात, आरशांची दुर्बीण करतात, पावसाळ्यात पर्जन्यमापक लावून रोज पाऊस मोजतात. "रत्नागिरीत, चिपळुणात पोरांना रोबोटचे क्लास आहेत, प्रदर्शनं आहेत," ती म्हणाली. "आमच्या पोरांना तिथं जायचं तर सकाळची एसटी, आणि परत यायला गाडी नाही. त्यांना जे काही आहे ते ह्या खोलीत." आता गावच्या मुंबईकर मंडळाला तीच खोली हवी होती. खुर्च्या, मांडवाचे खांब, स्पीकर ठेवायला. शिमग्यानंतर गावकीची बैठक होती आणि तिथं खोली कुणाची हे ठरणार होतं.

"आणि यंत्र?"

"गावाच्या नळाची जुनी लोखंडी पाईपलाईन कुठून गेलीय ते कुणाला आठवत नाही. कुठंतरी गळते, शाळेपर्यंत पाणी पोचत नाही. पोरांनी धातू शोधायचं यंत्र करायला घेतलंय. बैठकीआधी पाईप सापडला, की खोलीचा उपयोग काय हे कुणाला सांगावं लागणार नाही."

माझ्या पिशवीतली तार तिनं चिमटीत धरून बघितली, फारच बारीक म्हणाली आणि मला थेट मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत घेऊन गेली. तिथं मोटारी रिवाइंड करणारे तिच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, अतिशय बोलके. त्यांच्या शेडच्या एका कोपऱ्यात लहान मुलांच्या उंचीचं टेबल होतं. महिन्यातून एका रविवारी आसपासची पोरं येतात आणि जळक्या मोटारी उघडून बघतात. "उघडतात सगळे, जोडत कोण नाय," असं म्हणून ते स्वतःच हसले. आम्हाला जाड तारेचं मोठं वेटोळं गुंडाळून देता देता त्यांनी मुलीचं लग्न, हापूसचा मोहोर आणि हायवेचं काम हे तीनही विषय संपवले. पैसे घेतले नाहीत. वर म्हणाले, "सापडला पाईप तर फोटो पाठवा. नाय सापडला तरी पाठवा, वेटोळ्याचा."

गाव

नंदिनी जिथं राहते त्या घरी पोचलो तेव्हा ताटात ओल्या काजूची उसळ, आंबोळी आणि सोलकढी होती. उसळीनं माझं डोकंच फिरवलं. आमच्याकडे काजू म्हणजे दिवाळीच्या डब्यातलं सुकं वैभव. इथं ते भाजीवाणी वाढतात. मी तीनदा घेतली. फक्त तिखट जरा कमी होतं, तेवढं मी भडंगावर भागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात काजूचं झाड दिसलं, त्याला हिरव्या बिया लटकलेल्या. इतक्या चवीची वस्तू फुकट लटकते आहे हे मला बघवेना. मी एक तोडली आणि दातांनी फोडली. त्या सालीत चीक असतो आणि तो कातडी भाजून काढतो, हे कोकणात तान्ह्या मुलालाही माहीत असतं. विज्ञान शिकवायला आलेल्या मला नव्हतं. अर्ध्या तासात माझे ओठ सुजून पुढे आले आणि त्याच थोबाडानं मी विज्ञानखोलीत प्रवेश केला.

मुलं शहाणी, हसली नाहीत. आठवीतली एक मुलगी तेवढी उठली, घरी पळाली आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली. "बाई, लावा. उद्या सालं निघतील, घाबरू नका." ही सायली. बारीक, उंच, दोन वेण्या, आणि बोलण्याआधी क्षणभर थांबायची सवय. मी मात्र "आलो बरं का पोरांनो" म्हटल्यावर त्यांचा धीर सुटला. कोल्हापुरी बाई स्वतःला आलो-गेलो म्हणते ह्याची त्यांना इतकी मौज वाटली की ओठांचं दुःख मी विसरले.

खोली मी बघितली आणि नंदिनी का घाबरली ते कळलं. भिंतीवर मुलांनी पावसाच्या नोंदींचा उंचच उंच आलेख काढला होता, जुलैमध्ये तो छपराला टेकला होता म्हणून पुढचा पाऊस त्यांनी आढ्यावर रंगवला होता. अशी खोली खुर्च्या ठेवायला द्यायची ह्या विचारानंच मला राग आला.

यंत्र साधं होतं. झाकणाभोवती तारेचं वेटोळं, एक चिप, बॅटरी, छोटा स्पीकर. चालू केलं की एका सुरात गुणगुणतं. खाली धातू आला की सूर बदलतो. मिरजोळ्याचं वेटोळं बसवलं, सोल्डर पुन्हा केलं, आणि ते बोललं. खोलीत टाळ्या पडल्या. बाहेर नेलं मात्र आणि ते जे कण्हायला लागलं ते थांबेना. जिथं धरावं तिथं सूर हलायचा. माझ्या कोल्हापूरच्या फरशीवर ह्याचा काही त्रास नव्हता! मी बॅटरी बदलली, तार तपासली, चिपला दोन शिव्या दिल्या.

सायलीनं मूठभर लाल माती उचलून वेटोळ्यापाशी नेली. सूर किंचित हलला. ती थांबली, मग म्हणाली, "बाई, ह्या जांभ्यातच लोखंड आहे ना? पुस्तकात आहे, म्हणून लाल दिसतो. मग यंत्राला सगळीकडेच लोखंड दिसतंय."

"बरोबर. मग आता काय करायचं?"

"आपण सूर खोलीत लावतो, हवेत. तो इथं जमिनीवर ठेवूनच लावूया. म्हणजे जांभा त्याला सवयीचा होईल, आणि त्याहून जास्त काही आलं तरच बोलेल."

मी नंदिनीकडे बघितलं. नंदिनी खाली जमिनीकडे बघत होती, कारण तिचे डोळे भरले होते. इतकी वर्षं शिकवल्यावर एखादा असा दिवस येतो आणि त्या दिवशी आपण काहीच शिकवलेलं नसतं.

सहाण

दुपारी बाकीची मुलं घरी गेली. पालखी यायची म्हणून घरोघर सारवण चाललं होतं, मुंबईहून बाप-काके उतरत होते. सायली, नंदिनी आणि मी, तिघीच यंत्र घेऊन निघालो. सायलीनं मला सहाण दाखवली, म्हणजे शिमग्यात देवाची पालखी जिथं बसते ते मोकळं पटांगण.

आणि तिथंच तिनं मला खुणेची गोष्ट सांगितली. शिमग्याआधी गावचा मानकरी एका तांब्यात नारळ ठेवून, फडक्यानं बांधून, सहाणेत कुठंतरी जमिनीत पुरतो. ही खूण. कुठं पुरली ते फक्त त्याला ठाऊक. मग सगळ्या गावासमोर पालखी नाचत नाचत फिरते आणि ती जागा शोधून काढते. पालखी एका जागी थांबली की मानकरी पुढं होऊन "होय, हीच खूण" म्हणतो, आणि मगच तिथं उकरतात.

"आणि सापडली नाही तर?"

"असं झालेलं नाही," सायली म्हणाली. "पण झालं तर गावाला चांगलं नसतं."

हे मानकरी म्हणजे तात्या. वय झालेलं, कमी बोलणारे. बैठकीत त्यांचा शब्द शेवटचा, आणि खोलीबद्दल ते अजून हो किंवा नाही काहीच बोलले नव्हते. नंदिनी दोनदा भेटून आली होती. दोन्ही वेळा त्यांनी तिला कोकम सरबत पाजून परत पाठवलं होतं.

आम्ही सहाणेत पाऊल ठेवलं नाही, एवढी अक्कल आम्हाला होती. खूण सहाणेच्या आतच असते हे सायलीला पक्कं माहीत होतं. आम्ही बाहेरून, दगडी बांधाच्या कडेनं निघालो, कारण जुनी पाईपलाईन तिथूनच गेली असावी असं गावात कुणी कुणी म्हणायचं. यंत्र शांत गुणगुणत होतं. फणसाच्या झाडापाशी एकदम त्याचा सूर चढला. सायलीनं मागे घेतलं, उतरला. पुढे नेलं, चढला.

"पाईप!" मी ओरडले. माझा आवाज मुळातच मोठा. "उकर!"

माती मऊ होती, ह्याचं तेव्हा आम्हा तिघींनाही नवल वाटलं नाही. वीतभरच गेलो आणि लाल फडकं लागलं. मग तांब्याचा काठ. मग नारळाची शेंडी.

सायलीनं हात मागे घेतले आणि मातीनं भरलेले तसेच जोडले. नंदिनीनं वाकून बघितलं. "गेली," ती म्हणाली. "आता खोली गेलीच. खोलीचं जाऊ दे, ह्या पोरीला गावात काय तोंड दाखवता येईल?"

मी व्यवहारी बाई. म्हटलं, "कुणी बघितलेलं नाही. होतं तसं पुरा आणि घरी चला."

नंदिनी क्षणभर तयार होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. सायली थांबली, नेहमीसारखी. मग म्हणाली, "नाही बाई. तात्यांनी पुरलेलं तात्यांनाच द्यायला पाहिजे. ते देवासमोर ‘हीच खूण’ म्हणणार, आणि आपण ती काढून परत ठेवलेली असणार. ते बरं नाही."

मला कोल्हापूरची आठवण आली आणि पुढची एसटी किती वाजता आहे असाही विचार मनात येऊन गेला. पण पोरीनं तांब्या पदरात घ्यावा तसा ओढणीत घेतला होता आणि ती चालायला लागली होती.

तात्यांची पडवी

तात्या पडवीत बसून सुपारी कातरत होते. आम्हाला बघून त्यांनी आत हाक मारली, "सरबत आणा गं." सायलीनं ओढणी सोडली आणि तांब्या त्यांच्यासमोर ठेवला. यंत्र, पाईप, फणस, सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाली, "चूक माझी आहे. बाईंची नाही. खोलीची पण नाही."

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. तांब्याला हात लावला, नारळ फिरवून बघितला. मग खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं, एकदा, दोनदा, आणि पुसतच राहिले. मला वाटलं म्हातारा चिडून बोलू शकत नाहीये. नंदिनीनं माझा हात घट्ट धरला.

"कुठं गावला म्हनलीस?"

"बांधाजवळ. फणसाखाली."

"फनसाखाली!" तात्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "देवा रे. सगला बांद मी बगत फिरतोय, नि फनसाखाली."

सायलीनं मान वर केली.

"आता तुमच्यापून काय लपवू," तात्या म्हणाले. "दर वर्साला सहाणंत पुरतोय. औंदा मुंबैची पोरं लय हुशारी करतत, मोबाईल घेऊन मागं मागं फिरतत. म्हनून भायेर पुरला. रातच्याला देवाचा नाव घेऊन झोपलो नि सकालला आठवना कुठं. चार दिस डोल्याला डोला नाय. घरात कुनाला बोललो नाय."

"पण तात्या," मी न राहवून विचारलं, "शोधते तर पालखी ना? देवाला तर ठाऊक असणारच."

तात्यांनी माझ्या सुजलेल्या ओठांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"देवाला ठावं असताच, बाय. पन मला ठावं नको? पालखी थांबली नि गाव माझ्या तोंडाकडं बगाया लागला, तर मी काय बोलू? ठावं नसताना ‘होय’ बोलू? देवाच्या म्होरं?"

आयुष्यभर मी मुलांना सांगत आले की नक्की माहीत असल्याशिवाय हो म्हणू नका. तेच हा म्हातारा मला सांगत होता आणि त्यापायी चार दिवस जागा होता.

सरबत आलं. ते पिऊन तात्या उठले, तांब्या पंच्यात गुंडाळला आणि सायलीला म्हणाले, "चल गो." आम्हीही उठलो तर म्हणाले, "तुमी बसा. दोगांना ठावं झाला तेवढा पुरे. मी इसरलो तर ही हाय." आणि दोघं आंब्यांच्या सावलीतून निघून गेले, पुढं तात्या आणि मागं यंत्र न घेता सायली.

शिमगा

पालखी सहाणेत आली तेव्हा ऊन कलत होतं. ढोल-ताशे असे वाजत होते की छातीत धडधड कुणाची ते कळू नये. आमच्याकडे जोतिबाची यात्रा मी बघितलेली आहे, गुलालात न्हालेली आहे. पण इथं पालखी खांद्यावर उचलून नाचवतात, ती डुलते, मागे येते, झेपावते, आणि उचलणाऱ्यांचे पाय तिच्यामागे धावतात. सगळं गाव पालखीकडे बघत होतं. मी सायलीकडे बघत होते.

ती पहिल्या रांगेत बायकांत उभी होती आणि मान वर करून एकटक आकाशाकडे बघत होती. नजर चुकूनही जमिनीवर कुठं पडू नये म्हणून. पलीकडे तात्याही तसेच, डोळे मिटून उभे. पालखी फिरली, फसली, पुन्हा फिरली. मग ती एका जागी आली, हेलकावली आणि खाली बसली. ढोल थांबले. सगळ्यांच्या माना तात्यांकडे वळल्या.

तात्यांनी डोळे उघडून जागा नीट बघितली. "होय," ते म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की बांधापलीकडच्यांनाही ऐकू गेलं. "हीच खूण!"

गुलाल उधळला गेला. हे कसं झालं ते मला विचारू नका. मी सांगायला गेले तर अर्धवट सांगेन. सायली रडत होती आणि हसत होती, मी तिला जवळ घेतलं, आणि माझ्या ओठांना गुलाल लागून जी आग झाली ती वेगळीच.

बैठक

बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात झाली. पाईप सापडला नव्हता. शिमग्याच्या गडबडीत शोधायला सवडच मिळाली नव्हती. मंडळाचे सेक्रेटरी मुंबईहून आलेले, पांढरा शर्ट, बोलणं मुद्देसूद. माणूस वाईट नव्हता. खुर्च्या पावसात भिजून खराब होतात हे त्याचं म्हणणं खरंच होतं. मुलांचं कौतुक करून शेवटी त्यानं साधा प्रश्न विचारला. "ते यंत्र केलंत म्हणे. छान. आजपर्यंत त्यानं काय शोधलं?"

उत्तर आम्हा चौघांना माहीत होतं. नंदिनीनं पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. मी जीभ दातांत धरली, आणि माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं हे माझ्या घरच्यांनाच कळेल. मुलांच्या घोळक्यातून सायली उठली. खोली तिच्या एका वाक्यावर होती आणि ते वाक्य तिच्याजवळ होतं. ती थांबली.

"अजून काही नाही," ती म्हणाली आणि खाली बसली.

सेक्रेटरींनी मान हलवली. कुणीतरी "मग झालं तर" म्हणालं. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेले तात्या खाकरले.

"खोली पोरांकडंच ऱ्हाऊदे."

"पण तात्या, खुर्च्या..."

"खुरच्या माज्या पडवीत ठेवा."

"तुमच्या पडवीत? आणि ह्या खोलीचं तुम्हाला काय एवढं?"

"माजा काम हाय तितं," तात्या म्हणाले आणि पंचा खांद्यावर टाकून उठले. त्यांच्यानंतर कुणी बोलायची गावात पद्धत नाही.

दुपारच्या गाडीला सायली मला सोडायला आली. हातात माझ्यासाठी भाजलेल्या काजूंची पुडी, सोललेल्या, "चीक नसलेल्या" असं दोनदा बजावून. तिनं विचारलं, "पुढच्या शिमग्याला याल ना बाई?"

"येईन की. पण एक सांग, नारळ नंतर कुठं पुरला होता ते उकरताना बघितलं सगळ्यांनी. पुढच्या वर्षी पुरायला तात्या तुलाच नेतील. तेव्हा कुठं पुरणार, तेवढं मला आधी कानात सांगशील?"

ह्या वेळी ती अजिबात थांबली नाही.

"नाही," म्हणाली, आणि इतकी खूश होऊन म्हणाली की गाडी वळली तरी मी खिडकीतून मागेच बघत राहिले.